मोळी किती किलोची असावी? ऊसतोड, सिम्युलेशन आणि एका संशोधिकेची वाट

प्रश्न साधा होता. ऊसतोड कामगारांमध्ये काम करणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेने या संशोधिकेला विचारलं, की मोळीचं वजन जास्तीत जास्त किती असावं, म्हणजे बायांची कंबर धरणार नाही? उत्तर एका ओळीत हवं होतं. ‘कंप्युटरवर तपासलंय, इतक्या किलोच्या वर मोळी नको’ असा कागद हातात असला तर तो कारखान्यापुढे आणि मुकादमापुढे ठेवता येतो, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. पण तिने तो कागद दिला नाही. का दिला नाही, त्याऐवजी काय दिलं आणि या सगळ्यात तिच्या नोकरीचं काय झालं, ते इथे मांडतो. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवतो आणि हे काम जवळून पाहिलं आहे. तिच्या संमतीने लिहितोय. नाव, गाव आणि कॉलेज गाळलं आहे.

तिचा विषय मस्क्युलोस्केलेटल मॉडेलिंग, म्हणजे हाडं, सांधे आणि स्नायू यांचं गणिती रूप संगणकात उभं करून माणसाची हालचाल तपासणं. मराठवाड्यातच मेकॅनिकलची पदवी, मग एम.टेक., मग एका आयआयटीतून गुडघ्यावर पीएच.डी., परदेशात पोस्टडॉक आणि शेवटी आपल्याच भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक. परदेशात तिच्याजवळ कॅमेऱ्यांची प्रयोगशाळा होती, जमिनीत बसवलेल्या बलमापक पाट्या होत्या, हाताखाली तंत्रज्ञ होते. इथे आली तेव्हा विभागाने एक टेबल दिलं आणि वेळापत्रकात आठवड्याला १६ तास. लॅपटॉप तिचा स्वतःचा.

तरी काम सुरू होऊ शकलं, त्याला कारण ओपनसिम हे सॉफ्टवेअर. स्टॅनफर्डमध्ये स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमाराला पायाच्या स्नायूंचं एक मॉडेल केलं. शस्त्रक्रियेत एखादा स्नायू सरकवला तर त्याचा जोर किती बदलेल, हे शल्यविशारदांना आधी पाहता यावं हा त्यामागचा हेतू. त्यातून पुढे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर निघालं आणि २००७ मध्ये सगळ्यांना फुकट मिळणारं ओपनसिम आलं. आज नांदेड-लातूरच्या मुलालाही ते उतरवून घेता येतं, कुणाला पत्र लिहावं लागत नाही, परवान्याचे पैसे भरावे लागत नाहीत. या क्षेत्रातली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे ती जेवढी माहीत असायला हवी तेवढी नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. स्नायूचं गणित ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्या १९३८ च्या कामावर उभं आहे. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो, हा संबंध त्यांनी बेडकाच्या स्नायूवर मोजून मांडला. मॉडेलला आधी हालचाल द्यायची, म्हणजे कुठला सांधा कुठल्या क्षणी किती अंशात होता. त्यावरून प्रत्येक सांध्यावर किती पीळ (टॉर्क) आला ते निघतं. हा भाग सरळ न्यूटनचा. खरी अडचण पुढे आहे. एका सांध्याभोवती गरजेपेक्षा जास्त स्नायू असतात, मग त्यातल्या कुणी किती ओढलं? ते समीकरणातून एकटं बाहेर पडत नाही. म्हणून गृहीत धरतात की शरीर काटकसर करतं: सगळ्या स्नायूंच्या सक्रियतेच्या वर्गांची (स्क्वेअरची) बेरीज कमीत कमी ठेवतं. चालण्यासारख्या सरावाच्या हालचालीत हे बरंच जुळतं. पण ते गृहीतकच आहे, आणि दमलेल्या, दुखऱ्या कमरेच्या बाईचं शरीर अशीच काटकसर करत असेल याची हमी कुणी दिलेली नाही.

कुणाचं शरीर?

पहिला अडथळा मॉडेलच्या आतच निघाला. ओपनसिमबरोबर येणारं चालण्याचं जुनं, सगळ्यांत जास्त वापरलं गेलेलं मॉडेल १.८ मीटर उंचीच्या, सुमारे ७५ किलो वजनाच्या माणसाचं आहे. २०१६ चं नवं मॉडेल जास्त नेटकं आहे. त्यात पायाचे ८० स्नायूघटक आहेत, मोजमापं २१ मृतदेहांवरून आणि २४ निरोगी तरुणांच्या एमआरआयवरून घेतलेली. फडात मोळी उचलणारी बाई अठ्ठेचाळीस किलोची. तिच्या मापाचं मॉडेल करायला सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे: हाडांची लांबी कमी होते, वजन वाटून घेतलं जातं, स्नायूंच्या लांब्याही त्या प्रमाणात बदलतात. पण स्नायूची कमाल ताकद आपोआप बदलत नाही. म्हणजे पडद्यावर हाडं बीडच्या बाईची आणि मांडीतला जोर त्या ७५ किलोच्या गड्याचा. हे ज्याला ठाऊक नाही तो बटण दाबतो, रंगीत आलेख काढतो आणि छापतोसुद्धा. तिने आधी ताकद हाताने कमी करून पाहिली, मग वेगवेगळ्या प्रमाणात कमी करून उत्तर किती हलतं ते पाहिलं. कमरेच्या स्नायूंसाठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेलं २३८ स्नायुपट्ट्यांचं मॉडेल घेतलं आणि तिथेही तेच केलं. उत्तर बऱ्यापैकी हललं. इथेच तिच्या मनात त्या एका ओळीच्या कागदाबद्दल पहिली शंका आली.

दुसरा अडथळा मोजण्याचा, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे. प्रयोगशाळा नव्हती, पण आता दोन आयफोन लावून व्हिडिओवरून हालचाल काढणारी ओपनकॅपसारखी पद्धत आहे. तीही स्टॅनफर्डचीच आणि संशोधनासाठी मोफत. तिने फडात दोन फोन उभे केले. ही पद्धत चित्रातून गुडघा, घोटा, खुबा ओळखते. ऊसतोडीची बाई साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला फडकं बांधते, पायाला पाचट लागू नये म्हणून साडी आवळून घेते. गुडघा दिसतच नाही. घोटे पाचटात बुडालेले. पडद्यावरचा सांगाडा वाकताना मध्येच गुडघा उलटा मोडायचा.

मग अंगाला बांधायचे हालचालीचे सेन्सर आणले. ते कपड्याला अडत नाहीत. पण त्यांना दिशा कळते ती आतल्या चुंबकमापकावरून, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली जवळ आली की ते लोखंड त्याला भुलवतं. बाई सरळ ट्रॉलीकडे चालत असायची आणि आकड्यांत ती हळूहळू वळत असायची. शेवटी चुंबकमापक बंद ठेवून छोट्या छोट्या तुकड्यांत मोजणी केली आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी बाईला क्षणभर ताठ उभं करून शून्य पकडलं. शाळेच्या पटांगणात, लोखंडापासून लांब, तीच उचल पुन्हा करून घेतली आणि दोन्ही ताडून पाहिलं. मोळीचं वजन मात्र सरळ ताणकाट्याला लटकवून घेतलं. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

या सगळ्याआधी परवानगीचा घोळ होताच. माणसांवर अभ्यास करायचा तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी लागते. इंजिनिअरिंग कॉलेजात अशी समिती कुठून असणार? एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना तिने सहसंशोधक म्हणून घेतलं, आणि अर्ज त्यांच्या समितीतून गेला. संमतीपत्र वाचून दाखवायचं तर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, संध्याकाळी, चुली पेटल्यावर. दिवसा कुणाला वेळ नसतो. मुकादमाला वेगळं समजावावं लागलं, कारण त्याने मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते आणि कॅमेरा पाहिला की त्याला सरकारी चौकशी वाटते.

गणित

आता तो आकडा. मॉडेल बाजूला ठेवून कागदावर करून पाहण्यासारखं आहे, आणि तिनेही संस्थेच्या लोकांसमोर ते फळ्यावरच केलं होतं.

३० किलोची मोळी जमिनीवरून उचलताना समजा कमरेच्या शेवटच्या मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढे आहे. तिचा पीळ साधारण ११८ न्यूटन-मीटर. त्याच वेळी बाईचं कमरेवरचं शरीर, समजा २८ किलो, वाकल्यामुळे २५ सेंटिमीटर पुढे गेलेलं. त्याचा पीळ ६९. एकूण १८७. हा पीळ सावरायचा पाठीच्या स्नायूंनी, आणि ते मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. १८७ ला ०.०५ ने भागा: सुमारे ३७०० न्यूटन, म्हणजे पावणेचारशे किलोच्या वजनाएवढी ओढ. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने उचलण्याच्या कामासाठी मणक्यावरच्या दाबाची जी सावधगिरीची रेषा धरली आहे ती ३४०० न्यूटनची. एका साध्या मोळीत ती ओलांडली गेली, तीही मोळीला झटका न देता.

मग वजन निम्मं करू. १५ किलोची मोळी: तिचा पीळ ५९, शरीराचा तोच ६९, एकूण १२८. दाब अडीच हजारांच्या आसपास, रेषेच्या बराच खाली. इथे थांबलं असतं तर कागद तयार होता.

पण तेवढाच ऊस ट्रॉलीत टाकायला आता दोनदा वाकायचं. दोन वेळचे मिळून २५६, आधीच्या १८७ च्या जागी. मोळी निम्मी झाली तरी स्वतःचं अंग निम्मं होत नाही, ते प्रत्येक खेपेला पूर्ण उचलावं लागतं. एका क्षणाचा ताण उतरतो आणि दिवसभराचा चढतो. कंबर कशाने जाते, एका झटक्याने की हंगामभर साचलेल्या ओझ्याने? दोन्हींनी, आणि कोणाचं किती हे मॉडेल सांगत नाही. नायॉशचं उचलण्याचं सूत्र लावलं असतं तरी प्रश्न सुटला नसता. त्यातला प्रसिद्ध २३ किलोचा आकडा आदर्श परिस्थितीसाठी आहे: ओझं अंगाजवळ, उंची जमिनीपासून ७५ सेंटिमीटर. जमिनीवरून आणि ४० सेंटिमीटर अंतरावरून उचलायचं म्हटलं की त्या दोन गुणकांनीच तो ११ किलोवर येतो, बाकीचे गुणक लावण्याआधी. अकरा किलोची मोळी फडात घेऊन जा आणि मुकादमाचं तोंड बघा.

पैसे टनावर मिळतात हे विसरून चालत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, ती फेडायची टनांनी. डोकी सेंटरवर, म्हणजे जिथे बैलगाडी नसून ऊस डोक्यावर वाहून ट्रक-ट्रॉली भरतात तिथे, खेपा वाढणं म्हणजे थेट मजुरी जाणं. हे तिने मांडण्याआधी एका बाईने मांडलं होतं. फळ्यावरच्या बेरजेची गरज न पडता.

“मोळी हलकी केली तं खेपा वाढत्यात की, ताई. शिडी काय कमी चढायची हाय का?”

आणि मग थोड्या वेळाने, “हात लावायला कुणी असलं ना, मग जड मोळी बी जड लागत न्हाई.”

हे दुसरं वाक्य तिने घरी येऊन मॉडेलमध्ये घातलं. दोघींनी मिळून मोळी डोक्यावर चढवली तर जमिनीवरून उचलताना प्रत्येकीच्या कमरेवर साधारण निम्म्या मोळीएवढाच पीळ येतो, आणि खेपा वाढत नाहीत. मात्र हात लावणारीचं अंगही दर वेळी वाकतं, तिच्या कमरेचा हिशेब कुणी धरत नाही. शिवाय अर्धा कोयता म्हणून एकटी आलेली, विधवा किंवा टाकलेली बाई कुणाला बोलावणार?

तिसरी गोष्ट तिला नुसती बघून सापडली. गाडी वेळेवर येत नाही, त्यामुळे तोडलेल्या मोळ्या रस्त्याच्या कडेला रचून ठेवतात आणि गाडी आली की, मग रात्र का असेना, त्याच मोळ्या जमिनीवरून पुन्हा उचलतात. म्हणजे एका मोळीला दोन उचली. फडात ठोकळा ठेवणं अशक्य आहे, तो पुढे पुढे कोण वाहणार? पण गाडीची जागा ठरलेली असते. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीचा फळ्यांचा ओटा असेल, फडातून आलेली मोळी डोक्यावरून थेट त्यावर उतरवली, तर दुसरी उचल ओट्यावरून होते. वाकणं कमी, मोळी अंगाजवळ. ४० च्या जागी ३० सेंटिमीटर आणि २५ च्या जागी १५ धरा: ३० किलोच्याच मोळीचा पीळ १२९. निम्म्या मोळीएवढा, आणि वाकायचं एकदाच.

तिने संस्थेला दिलेल्या अहवालात मोळीच्या वजनाचा आकडा नव्हता. तीन उपायांचा क्रम होता: गाडीपाशी ओटा, हात लावायला दुसरं माणूस, आणि त्यानंतर वजन कमी करणं, तेही टनाचा दर वाढवून मिळणार असेल तरच. मॉडेलची ताकद, वजन, अंतर वाजवी मर्यादेत कितीही हलवली तरी हा क्रम टिकत होता. नेमका आकडा टिकत नव्हता. मी तिच्या जागी असतो तरी हेच केलं असतं. जो आकडा मॉडेलच्या एका खुंटीवर लटकतो तो मजुराच्या हातात शस्त्र म्हणून द्यायचा नसतो, कारण समोरच्याचा सल्लागार ती खुंटी पहिल्या बैठकीत काढून घेतो. संस्थेची मंडळी नाराज झाली, हेही लिहिलं पाहिजे.

त्यांचा आणखी एक प्रश्न होता. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. मोळीच्या ओझ्याचा त्याच्याशी संबंध मॉडेलमधून दाखवता येईल का? तिने स्पष्ट नाही म्हटलं. या मॉडेलमध्ये हाडं आणि चालण्या-उचलण्याचे स्नायू आहेत; पोटातले अवयव नाहीत, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नाहीत. आणि त्या शस्त्रक्रियांमागची कारणं, खाडा पडला तर होणारा दंड, पाळीतही न मिळणारी सुट्टी, शौचालयं नसणं, खाजगी दवाखान्यांचा सल्ला, ही न्यूटनमध्ये मोजायची नाहीत.

नोकरीच्या बाजूने

या कामाचा पेपर पहिल्या नियतकालिकाने परत केला. परीक्षकाचं म्हणणं, मणक्यावरचा दाब प्रत्यक्ष मोजून पडताळला नाही. आता जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत दाब मोजणं जगातच अगदी मोजक्या वेळा झालंय. जर्मनीतल्या विल्के आणि सहकाऱ्यांचं १९९९ चं गाजलेलं काम एकाच स्वयंसेवकावरचं आहे: उभं राहताना ०.५ मेगापास्कल, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३, तेच ओझं अंगाजवळ धरलं की १.१. फडातल्या बाईच्या मणक्यात सुई घालायची अपेक्षा कुणी करू नये. तिने मॉडेलकडून विल्केंच्याच उचली करून घेतल्या, वाढ-घट त्याच प्रमाणात येते हे दाखवलं आणि पेपर दुसरीकडे पाठवला. तिथे घेतला गेला, पण दावा ‘किती’ वरून ‘कशापेक्षा कमी’ वर उतरवल्यानंतर.

प्राध्यापकपदाच्या एका मुलाखतीत तिला विचारलं गेलं, “मॅडम, हे मेकॅनिकल आहे की मेडिकल?” असा प्रश्न या विषयातल्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करण्यावर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. तिथे तिचा विषय परका वाटला नाही, पण तिथली पदं मेकॅनिकलवाल्यांसाठी नसतात. मेकॅनिकलच्या जागांवर औष्णिक आणि उत्पादन अभियांत्रिकीवाले आधी. त्या मुलाखतीत तिची निवड झाली नाही.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने मात्र जोडणीच्या रांगेवरच्या कामगारांच्या खांद्यांचा अभ्यास करायला बोलावलं. तिथे कपडे गणवेशाचे, उजेड चांगला, हालचाल दर मिनिटाला तीच. दोन फोनांची पद्धत तिथे पहिल्याच दिवशी चालली. चुंबकमापकाची बोंब तिथेही होतीच, पण फोन असल्याने त्याची गरज पडली नाही. काही सहकारी म्हणाले, मजुरांचं सोडून कंपनीकडे गेली. मला ते पटत नाही. त्या सल्ल्याच्या पैशांतून आणखी सेन्सर आले, आणि कॉलेजने पहिल्यांदा तिच्या नावावर एक खोली दिली, कारण आता पावती दाखवता येत होती. या वाटेने जाणाऱ्या मुलांनी हे डोळे उघडे ठेवून बघावं: केवळ मॉडेल चालवता येणारे पुष्कळ तयार होतील, न दिसणाऱ्या गुडघ्याचा कोन काढता येणारे, समितीचा अर्ज पार पाडणारे आणि मुकादमाशी बोलू शकणारे थोडे असतील.

राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे तिने मोठा प्रकल्प टाकला आहे, निर्णय यायचा आहे. दरम्यान दोन टोळ्यांनी गाडीपाशी ओटा करून पाहिला. एकीने ट्रॉलीच्याच जुन्या फळ्यांचा केला आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, वापरला. दुसरीचा ओटा आठवड्यात सरपणात गेला. मानेचा भाग अजून झालेला नाही. मोळी डोक्यावर चढली की कंबरेचा पीळ उतरतो, पण सगळं वजन चुंबळीतून मानेच्या मणक्यांवर येतं, आणि शिडी चढताना मान ताठ ठेवून तोल सांभाळावा लागतो. त्यासाठीचं मानेचं मॉडेल तिचा एक विद्यार्थी मापात बसवतोय. दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आत त्याला डोक्यावरचा सेन्सर चुंबळीखाली टिकेल असा बांधून दाखवायचा आहे.